ग्रोव्हर क्लीव्हलँड : बफलोच्या वकिलाने मेयर म्हणून नक्की केलं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला सेमिनार पेपर करायचाय. ती विचारतेय की ग्रोव्हर क्लीव्हलँड १८८१ मध्ये बफलो शहरातला एक वकील होता, १८८२ ला मेयर झाला, १८८३ ला न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर आणि १८८५ ला थेट अमेरिकेचा प्रेसिडेंट, तर हे सगळं नुसतं नशीब होतं की मेयर म्हणून त्याने खरंच काही केलं, आणि वकील असण्याचा त्यात संबंध काय.

माझी बरीचशी वकिली महापालिकांच्या टेंडर आणि काँट्रॅक्टच्या भांडणांत गेलीये, कधी पालिकेच्या बाजूने, कधी ठेकेदाराच्या, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच कुतूहल. माझं मत सांगतो : नशीब भरपूर होतं, पण नशीब दारात आलं तेव्हा याच्याकडे दाखवायला एक कागद होता, २६ जून १८८२ चा एक व्हेटो, म्हणजे काउन्सिलच्या ठरावाला मेयरने कारणं लिहून दिलेला नकार. तो कागद समजला की बाकीचा माणूस समजतो, त्यामुळे मी त्याच्यावर जास्त वेळ घालवणार आहे आणि प्रेसिडेंटच्या काळावर कमी, तो कुठेही वाचायला मिळतो.

आधी हा आला कुठून ते बघू. जन्म १८३७ चा, न्यू जर्सीतल्या काल्डवेल गावात, वडील प्रेस्बिटेरियन पाद्री, नऊ भावंडांतला हा पाचवा. पाद्रीबाबांचा पगार तुटपुंजा आणि खाणारी तोंडं इतकी, त्यात १८५३ मध्ये वडील गेले आणि याचं कॉलेजचं स्वप्न तिथेच संपलं. वर्षभर न्यूयॉर्कच्या अंधशाळेत नोकरी केली, मोठा भाऊ तिथे शिकवत होता. मग १८५५ मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलँड शहराकडे निघाला, आपल्याच आडनावाचं गाव आहे म्हणून, आणि वाटेत बफलोला काका लुईस ॲलन यांच्याकडे थांबला तो थांबलाच. काका सधन, शॉर्टहॉर्न जातीच्या गुरांच्या वंशावळींची जाडजूड नोंदवही छापायचे, तिचं काम याला दिलं आणि ओळखीने एका लॉ फर्ममध्ये कारकून म्हणून चिकटवून दिलं. तेव्हा लॉ कॉलेजला गेलंच पाहिजे असं काही नव्हतं, सीनियरच्या ऑफिसात नकला काढायच्या, ब्लॅकस्टोन (इंग्लिश कायद्याचा जुना प्रमाण ग्रंथ) वाचायचा आणि मग बारची परीक्षा. याला १८५९ मध्ये सनद मिळाली, वय २२.

वकील म्हणून तो कसा होता? माझ्या वाचनावरून सांगतो, कोर्टात आवाज चढवून ज्युरीला रडवणारा अजिबात नव्हता. बसून वाचणारा, रात्ररात्र फाइल घेऊन बसणारा, आणि युक्तिवाद तोंडपाठ करून येणारा. ही पाठांतराची सवय इतकी मुरली की पुढे १८८५ मध्ये प्रेसिडेंट म्हणून शपथविधीचं भाषणसुद्धा त्याने कागद न बघता म्हटलं. १८६६ मध्ये आयरिश फेनियन लोकांनी, म्हणजे आयर्लंड ब्रिटिशांपासून सोडवायला निघालेल्यांनी, बफलोजवळून नदी ओलांडून कॅनडावर चढाई करायचा प्रयत्न केला, त्यातल्या पकडलेल्यांची केस याने फी न घेता चालवली आणि त्यांना सोडवलं. बफलोत आयरिश मतदार किती हे बघता याचा राजकीय फायदा झालाच असणार, पण त्या वेळी तो कुठल्या निवडणुकीला उभा नव्हता हेही तितकंच खरं.

दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात कारण पुढे विरोधकांनी त्या उगाळून उगाळून काढल्या. एक, १८६३ मध्ये सिव्हिल वॉरच्या सक्तीच्या सैन्यभरतीत याचं नाव निघालं तेव्हा याने १५० डॉलर देऊन जॉर्ज बेनिन्स्की नावाच्या पोलिश स्थलांतरिताला आपल्या जागी पाठवलं. कायद्याने ते चालत होतं, पैसेवाले सर्रास करायचे, आणि याच्यावर आई आणि बहिणींची जबाबदारी होती हे कारणही खोटं नाही, पण शेवटी दुसरा माणूस गेला आणि हा घरी राहिला. (बेनिन्स्की युद्धातून जिवंत परत आला.) दुसरी गोष्ट शेरीफपदाची, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पोलीस आणि तुरुंगाच्या प्रमुखपदाची. १८६५ मध्ये तो डिस्ट्रिक्ट अटर्नीची (काउंटीच्या सरकारी वकिलाची) निवडणूक हरला होता, तीसुद्धा आपल्या खोलीत राहणाऱ्या जिवलग मित्राकडून, लायमन बासकडून. त्या प्रचाराचा एक किस्सा बफलोत सांगतात, की दोघांनी दिवसाला चारच ग्लास बिअर असा करार केला, मग ते पुरेना म्हणून ग्लासांचा आकार वाढवला. खरंखोटं देव जाणे, पण माणूस होता तसाच, संध्याकाळी जर्मन बिअर हॉलमध्ये मित्रांबरोबर पत्ते आणि सॉसेज, वजन अडीचशे पौंडांच्या वर, बफलोत त्याला बिग स्टीव्ह म्हणायचे.

तर १८७० मध्ये तो ईरी काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला, अवघ्या ३०३ मतांनी. शेरीफच्या हद्दीत फाशी द्यायची वेळ आली की दहा डॉलर देऊन ते काम डेप्युटीवर ढकलता यायचं, सगळे तेच करायचे. १८७२ मध्ये पॅट्रिक मॉरिसी, आईचा खून केलेला, आणि १८७३ मध्ये जॉन गॅफ्नी, या दोघांच्या वेळी क्लीव्हलँडने ते स्वतः केलं. आवडलं म्हणून नाही, त्याला त्याचा खूप त्रास झाला असं जवळच्यांनी सांगितलंय. पण कायद्याने जे काम माझ्या नावावर आहे ते मी दुसऱ्याच्या गळ्यात का बांधू असा त्याचा हिशोब. १८८४ मध्ये विरोधकांनी त्याला बफलोचा जल्लाद म्हणून चिडवलं. मला यात गंमत ही वाटते की सैन्यभरतीच्या वेळी पैसे देऊन बदली माणूस पाठवणारा आणि फाशीच्या वेळी दहा डॉलर देऊन सुटका करून न घेणारा एकच माणूस आहे, मध्ये नऊ वर्षं गेलीत.

आता १८८१. बफलो म्हणजे तेव्हा ईरी कॅनॉलचं पश्चिम टोक, मिडवेस्टचा सगळा गहू सरोवरातून बोटीने इथे यायचा, अवाढव्य धान्य कोठारांत चढायचा आणि पुढे न्यूयॉर्ककडे जायचा. १८८० च्या जनगणनेत दीड लाखावर वस्ती. पैसा खूप, बंदरावरचे कामगार खूप, दारूचे गुत्ते त्याहून खूप, आणि कॉमन काउन्सिल म्हणजे नगरसेवकांचं मंडळ पार सडलेलं, त्यात रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट असा भेद फक्त निवडणुकीपुरता, वाटणीच्या वेळी सगळे एक. हे वाचताना ओळखीचं वाटलं तर दोष माझा नाही. लोक वैतागलेले, डेमोक्रॅटिक पक्षाला स्वच्छ चेहरा हवा होता आणि मोठी नावं तयार होईनात. क्लीव्हलँड तेव्हा ४४ वर्षांचा, प्रॅक्टिस उत्तम चाललेली, लग्न झालेलं नाही, रेल्वे कंपनीचं मोठं रिटेनर (वकील कायम बांधून ठेवायची फी) नाकारून स्वतंत्र राहिलेला. तो उभा राहिला आणि नोव्हेंबर १८८१ मध्ये १५,१२० विरुद्ध ११,५२८ मतांनी जिंकला.

इथे आपल्याकडच्या वाचकाचा एक गोंधळ होतो तो आधी काढून टाकतो. आपल्याकडे महापौर म्हटलं की हार-तुरे, सभेचं अध्यक्षस्थान आणि लाल दिव्याची गाडी (आता तीही गेली), कारण १८८८ च्या मुंबईच्या कायद्यापासून कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे. महापौर काही ठराव अडवू शकत नाही, फार तर आयुक्त तो विखंडित (रद्द) करायला शासनाकडे पाठवतो आणि मग तो मंत्रालयात पडून राहतो. बफलोच्या मेयरचं तसं नव्हतं. काउन्सिलने पास केलेला ठराव त्याच्या टेबलावर यायचा, सही केली तर लागू, नाही केली तर कारण लिहून परत पाठवायचा आणि मग काउन्सिलला तो जास्त मतांनी पुन्हा पास करावा लागायचा. बहुतेक मेयर आलेल्या कागदावर सही ठोकून मोकळे व्हायचे. याने वाचायला सुरुवात केली. इतकंच. खरंच इतकंच आहे सगळं, पण वाचणारा मेयर बफलोने फार दिवसांत बघितला नव्हता.

१८८२ च्या जानेवारीत काउन्सिलला दिलेल्या पहिल्याच संदेशात त्याने सांगून टाकलं की आपण लोकांच्या पैशाचे विश्वस्त आहोत. कुठलाही नवा मेयर असलंच बोलतो, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही.

मग आलं रस्ते झाडण्याचं टेंडर. काम असं : शहराचे फरसबंदी रस्ते पाच वर्षं साफ ठेवायचे. एकापेक्षा जास्त बोल्या आल्या आणि काउन्सिलने उचलली ती जॉर्ज टॅल्बट नावाच्या ठेकेदाराची, ४,२२,५०० डॉलरची. दुसऱ्या एका पूर्ण लायक ठेकेदाराची बोली यापेक्षा एक लाख डॉलरहून कमी होती. म्हणजे आपल्या भाषेत एल-वन (सगळ्यात कमी बोलीवाला) बाजूला ठेवून वरच्याला दिलं. आता टेंडरच्या धंद्यातला कोणीही सांगेल की एवढ्यावरच माणूस पकडता येत नाही. सगळ्यात कमी बोली नाकारायला हजार कारणं शोधता येतात, अनुभव कमी आहे, यंत्रसामग्री नाही, दर इतका खाली आहे की काम अर्धवट सोडून पळेल. मीही ठेकेदाराकडून उभा असताना ही कारणं कोर्टात मांडलीयेत आणि कधीकधी ती खरीही असतात. क्लीव्हलँड वकील होता, त्याला हा बचाव येणार हे माहीत होतं. म्हणून त्याने व्हेटोच्या संदेशात दुसऱ्याशी केलेल्या तुलनेवर न थांबता टॅल्बटची टॅल्बटशीच तुलना केली. काही आठवड्यांपूर्वी याच टॅल्बटने याच कामासाठी, याच काउन्सिलपुढे उघडपणे दिलेली बोली आताच्यापेक्षा पन्नास हजार डॉलरने कमी होती. रस्ते तेच, झाडू तेच, माणूस तोच, मग मधल्या काही आठवड्यांत पन्नास हजार वाढले कशाचे? याला उत्तर नाही. सगळ्यात कमी बोलीवाला नालायक आहे असं सिद्ध केलं तरीही याला उत्तर नाही. उलटतपासणीत साक्षीदाराला त्याचाच आधीचा जबाब दाखवतात ना, अगदी तेच. उत्तर फक्त एकच उरतं की वरचे पैसे वाटायला लागणार होते, आणि ते त्याने न बोलता वाचणाऱ्यावर सोडलं.

न बोलता म्हणजे तेवढा एक शब्द न बोलता, बाकी तो बोललाच. संदेशात तो म्हणतो की ही वेळ स्पष्ट बोलण्याची आहे आणि माझा आक्षेप मी स्पष्टच सांगणार. आणि पुढे ते गाजलेलं वाक्य, की लोकांच्या हिताशी दगाबाजी करण्याचा आणि जनतेचा पैसा उधळण्याहूनही वाईट रीतीने घालवण्याचा हा अत्यंत उघडावाघडा, उद्धट आणि निर्लज्ज डाव आहे. काउन्सिलला उद्देशून लिहिताना तो त्यांना सन्माननीय सभागृह म्हणतोय आणि त्याच पत्रात निर्लज्जही म्हणतोय, वकिली सभ्यतेचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. संदेश पेपरांत छापून आला, शहरभर बोंब झाली, आणि काउन्सिलने मुकाट्याने आपलाच ठराव फिरवून काम कमी बोलीवाल्याला दिलं. ज्यांनी टॅल्बटला मतं दिली त्यांतले बरेचसे याच्याच पक्षाचे होते की विरोधी, याची त्याने फिकीर केली नाही, कारण मतं दोन्हीकडून आलेली होती.

गटारांचं प्रकरण महत्त्वाचं आहे पण थोडक्यात सांगतो. शहराचा मैला कालव्यांत साचायचा, उन्हाळ्यात वासाने जीव नकोसा व्हायचा, टायफॉइडने माणसं मरायची. मोठी नवी गटार योजना हवी होती हे सगळ्यांना मान्य, वाद एवढाच की बांधणार कोण, कारण एवढं मोठं काम काउन्सिलच्या हातात गेलं तर त्यातलं निम्मं कुठे जाईल हे रस्त्यांच्या टेंडरवरून दिसतच होतं. याने राज्याच्या विधिमंडळाकडून स्वतंत्र कमिशनची तरतूद करून घेतली, काउन्सिलने त्याची नावं आधी नाकारली, तो हटला नाही, आणि शेवटी स्थानिक अंदाजापेक्षा कितीतरी कमी खर्चात योजना मंजूर झाली. झाडूच्या व्हेटोपेक्षा याने बफलोच्या लोकांचं जास्त भलं झालं असं माझं मत, पण गटारावर निवडणूक जिंकता येत नाही, व्हेटोच्या एका वाक्यावर येते.

आणि एक छोटा व्हेटो, जो मला पेपरसाठी सगळ्यात उपयोगी वाटतो. सिव्हिल वॉरच्या माजी सैनिकांच्या संघटनेला स्मृतिदिनासाठी काउन्सिलने ५०० डॉलर दिले. याला कोण नाही म्हणेल? याने म्हटलं. लोकांकडून कर म्हणून सक्तीने घेतलेला पैसा खाजगी संस्थेला देणगी म्हणून देता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी, हा मुद्दा. आणि मग खाजगी वर्गणी काढायला सांगून स्वतः खिशात हात घातला. लक्षात घ्या, हा तो माणूस आहे ज्याने स्वतः युद्धावर जायचं टाळलं होतं, आणि तो माजी सैनिकांचे पैसे अडवतोय. राजकारणी माणूस असता तर हा कागद डोळे मिटून पास केला असता. पुढे प्रेसिडेंट झाल्यावर याने माजी सैनिकांची शेकडो खाजगी पेन्शन बिलं एकेक वाचून परत पाठवली, पहिल्या टर्ममध्ये एकूण ४१४ व्हेटो, आधीच्या सगळ्या प्रेसिडेंटांच्या मिळून बेरजेपेक्षा जास्त, तर त्याची सुरुवात बफलोच्या या ५०० डॉलरमध्ये आहे.

आता नशिबाचा भाग. १८८२ च्या सप्टेंबरात सिराक्यूजला डेमोक्रॅटांचं राज्य अधिवेशन भरलं, गव्हर्नरपदाचे दोन तगडे इच्छुक, रॉसवेल फ्लॉवर आणि जनरल स्लोकम, एकमेकांना अडवून बसले, कोणालाच बहुमत मिळेना, आणि तिसऱ्या फेरीत लोकांनी बफलोच्या मेयरला उचललं, ज्याच्याविरुद्ध कोणाचं काही नव्हतं कारण बफलोबाहेर त्याला फारसं कोणी ओळखतच नव्हतं. तिकडे रिपब्लिकन पक्ष आपसातच फुटलेला, त्यांचा उमेदवार चार्ल्स फोल्जर हा वॉशिंग्टनने लादलेला म्हणून त्यांचेच लोक रुसलेले. क्लीव्हलँड एक लाख नव्वद हजारांहून जास्त मतांनी आला. मेयर म्हणून पुरतं वर्षही भरलं नाही. गव्हर्नर म्हणून टॅमनी हॉलशी, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या आपल्याच पक्षाच्या यंत्रणेशी पंगा घेतला, आणि न्यूयॉर्क शहरातल्या एल रेल्वेचं (रस्त्यांच्या वर खांबांवरून धावणाऱ्या) भाडं पाच सेंट करणारं लोकप्रिय बिल व्हेटो केलं कारण कंपनीबरोबर राज्याने आधीच करार केलेला होता, करार मोडता येत नाही. पुन्हा वकील. त्या वेळी असेंब्लीत असलेला तरुण थिओडोर रूझवेल्टही या बाबतीत त्याच्या बाजूला आला. १८८४ ला प्रेसिडेंटची निवडणूक ठरली ती न्यूयॉर्क राज्यात, अकराशेच्या आसपास मतांनी. इतक्या कमी फरकाला नशीब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं.

मारिया हॅल्पिनचं प्रकरण पेपरात टाळू नका. १८७४ मध्ये बफलोत तिला मुलगा झाला, क्लीव्हलँडने खर्चाची जबाबदारी घेतली, नंतर मुलाला तिच्यापासून काढून अनाथाश्रमात ठेवलं आणि तिला काही दिवस वेड्यांच्या इस्पितळात डांबलं गेलं, पुढे मूल दत्तक गेलं. १८८४ च्या प्रचारात हे बाहेर आलं तेव्हा त्याने सहकाऱ्यांना तार केली की खरं काय ते सांगा, आणि जुनी चरित्रं या तारेवर इतकी खूश होतात की बाई कुठेतरी मागेच राहते. तिने त्याच वर्षी प्रतिज्ञापत्रात त्याने आपल्यावर बळजबरी केल्याचं म्हटलं होतं. त्या प्रतिज्ञापत्राची कधी कोर्टात तपासणी झाली नाही, त्यामुळे निकाल देणं शक्य नाही, पण वकील म्हणून एवढं सांगतो की एका बाजूची तार आणि दुसऱ्या बाजूचं प्रतिज्ञापत्र असेल तर फक्त तार वाचून फाइल बंद करायची नसते.

वकिलीचा फायदा झाला का, तर शहरात पुरेपूर झाला. तिथे रोग होता चोरीचा, आणि चोरीवर औषध म्हणजे हिशोब वाचणारा आणि नाही म्हणणारा माणूस. पण तेच औषध त्याने पुढे सगळ्याच दुखण्यांवर चालवलं. १८८७ मध्ये टेक्ससमधल्या दुष्काळात सापडलेल्या शेतकऱ्यांना बियाणं द्यायला काँग्रेसने फक्त १०,००० डॉलर मंजूर केले, याने ते ५०० डॉलरवाल्याच तर्काने अडवले, सरकारने लोकांना पोसायचं नसतं म्हणून. खाजगी मदत पुष्कळ गेली हे खरं, तरी दुष्काळ म्हणजे काउन्सिलचं टेंडर नव्हे. १८८८ ला हरला (एकूण मतं जास्त मिळूनही), १८९२ ला परत जिंकला आणि लगेच १८९३ ची मंदी आली, बँका बुडाल्या, कारखाने बंद, आणि याच्याकडे सोन्याचं चलन वाचवण्यापलीकडे बेकारांसाठी काही नव्हतं. १८९४ मध्ये पुलमन या रेल्वे डबे बनवणाऱ्या कंपनीपासून सुरू झालेल्या रेल्वे कामगारांच्या संपावर फेडरल सैन्य पाठवलं. तिथे माझी सहानुभूती संपते.

शेवटी एक काळजी घ्या. सरकारी पद म्हणजे लोकांनी सोपवलेली ठेव, या अर्थाचं जे छोटं घोषवाक्य त्याच्या नावावर सगळीकडे फिरतं ते बफलोच्या पहिल्या संदेशातलं म्हणून लिहू नका. विचार तिथला आहे, वाक्य नाही. ते १८८४ च्या प्रचारपत्रकासाठी विल्यम हडसन या पत्रकाराने बनवलं. त्यानेच नंतर सांगितलंय की क्लीव्हलँडने वाचून विचारलं, हे मी कधी म्हणालो, आणि हडसन म्हणाला, कितीदा तरी म्हणालात, फक्त इतक्या कमी शब्दांत नाही. क्लीव्हलँडचं स्वतःचं लिखाण हवं असेल तर २६ जूनचा व्हेटो घ्या, तो पूर्ण वाचा, दोन पानांच्या वर नाहीये.